रिजेक्टआप्पा आणि विश्वाची सुरुवात

आप्पा कुणालाही 'चूक' म्हणत नसत, 'खोटं' म्हणत नसत, 'मूर्ख' तर नाहीच नाही. ते फक्त उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत आणि म्हणत, "रिजेक्ट." सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासायचं काम केलं होतं. शाफ्ट हातात घ्यायचा, त्यावरून बोट फिरवायचं, गेज लावून बघायचं आणि पास किंवा रिजेक्ट एवढंच बोलायचं. निवृत्त झाल्यावर शाफ्ट गेले, बोटांची सवय राहिली. घरी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, चहाला रिजेक्ट, दिंडोरीहून द्राक्षं घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला रिजेक्ट, भाचीच्या लग्नात माईक हातात घेऊन मंगलाष्टकं रेकणाऱ्या पाहुण्यालाही रिजेक्ट. काकू विचारायच्या, "मग मला बरं पास केलंत?" आप्पा म्हणायचे, "तेव्हा मी ट्रेनी होतो." सगळी कॉलनी त्यांना रिजेक्टआप्पा म्हणायची, आणि हे नाव त्यांना ठाऊक होतं.

आमच्या कॉलनीत वाचनालय आहे. म्हणजे कामगारांनी वर्गणी काढून बांधलेली एक मोठी खोली, पत्र्याची चार कपाटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दारात चपलांचा ढीग. दर रविवारी सकाळी तिथे बैठक भरायची. विषय कोणताही चालायचा, अध्यक्ष मात्र कायम आप्पा. लग्न होऊन मी या कॉलनीत आले तेव्हा पुस्तक बदलायला म्हणून गेले आणि भांडण ऐकू आलं म्हणून थांबले, ती थांबलेच. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे आप्पा मला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बैठकीचा नियम एकच होता. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते नीट मांडलं गेलं की नाही हे समोरच्याने सांगायचं. त्याने "पास" म्हटलं तरच आपल्याला उत्तर द्यायची परवानगी. रिजेक्ट म्हटलं तर रिवर्क, म्हणजे पुढच्या रविवारी परत. आप्पा म्हणत, "यात माझं काही नाही. आपल्याकडचे जुने पंडित वाद घालताना आधी पूर्वपक्ष मांडायचे, तो हाच. कारखान्यात तरी काय वेगळं होतं? ड्रॉइंग न बघता माल फेकणारा चेकर मी पाहिलाय. त्याला आम्ही चेकर म्हणत नव्हतो." ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात या नियमाने माणसाचं रक्त आटतं. मुलांना इंग्रजी शाळेत घालावं की मराठी, या एका विषयात आमचा अख्खा पावसाळा गेला, कारण कुणालाच दुसऱ्याचं म्हणणं धड सांगता येईना. काही जण वैतागून यायचे बंद झाले. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही.

विश्वाचा विषय माझ्यामुळे निघाला. नव्या दुर्बिणीतून काढलेली आकाशगंगांची चित्रं पेपरात आली होती. मी ती कापून वाचनालयाच्या फलकावर लावली आणि खाली लिहिलं, 'विश्वाच्या बालपणीचे फोटो'. त्यासमोर भाऊ बराच वेळ उभे राहिले. भाऊ मूळचे देवळ्याचे. तिकडे त्यांची कांद्याची शेती धाकटा भाऊ बघायचा आणि हे इकडे कारखान्यात भट्टीवर होते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी. निवृत्तीनंतर देवळ्याच्या आसपासच्या गावांत हरिनाम सप्ताह असला की भाऊंना प्रवचनाला बोलावणं यायचं. गाव आपल्याला समोर बसवून ऐकतं, याहून मोठं सुख त्यांच्या लेखी नव्हतं. बोलावणं आलं की आधी आप्पांच्या घरी येऊन सांगायचे. तर फोटो बघून भाऊ मला म्हणाले, "ताई, बालपण हाय म्हणता. मंग आई हाय का नाय?"

मी हसून म्हटलं, "भाऊ, हे प्रवचन नाही, फिजिक्स आहे."

मागून आवाज आला, "रविवारी." आप्पा पेपर वाचत बसले होते.

त्या रविवारी मी मोठ्या थाटात उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊंचं म्हणणं असं, की हे सगळं देवाने बनवलं, आणि देवाला कुणी बनवलं ते मात्र विचारायचं नाही." हशा झाला. मीही हसले. आप्पांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "रिजेक्ट. मी असं म्हणतच नाय." पुढच्या रविवारी मी जरा मेहनत घेतली. मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार, अशी नीट बांधणी केली. भाऊ पुन्हा म्हणाले, "रिजेक्ट, ताई. तुमी माझा देव गवंडी करून टाकला. गवंडी भिंत बांधतो आन् घरी जातो. माझा देव घरी जात नाय."

मला रागच आला. घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "नाद सोड ना. म्हातारी माणसं आहेत." पण सोडवेना. शेवटी एका संध्याकाळी भाऊंच्या घरी गेले, चटईवर बसले आणि म्हटलं, "सांगा, तुमचं म्हणणं तरी काय आहे?" भाऊ बोलले आणि मी पहिल्यांदा मध्ये न तोडता ऐकलं. आणि रविवारी मांडलं, ते असं. भाऊंना सुरुवात कधी झाली याच्याशी फारसं देणंघेणं नाही. विश्वाला सुरुवात असो की नसो, त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. हे सगळं आत्ता, या क्षणाला, टिकून कशामुळे आहे? काहीच नसणं किती सोपं होतं, मग हे आहे का? ज्यामुळे ते आहे, त्याला ते देव म्हणतात. तो एकदा कधीतरी किल्ली फिरवून गेलेला नाही. तो काम थांबवेल तर मागे भिंतही उरणार नाही.

भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "पास. ताई, माझ्या तोंडून बी इतकं नीट निघालं नसतं." एम.एस्सी. झाले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा बाबाबुवांच्या नादी लागलात म्हणे?" त्यांना कुणीतरी अर्धं सांगितलं होतं. पुढचं ऐकायची त्यांची तयारी नव्हती, विज्ञान शिकवत असूनही. मी तणतणत आप्पांकडे गेले, तर ते खुशीत हसले. "एका बाजूच्या शिव्या आल्या. दुसऱ्या बाजूच्याही येऊ दे, मग बैठक बरोबर चाललीय म्हणायचं."

माझं उत्तर देऊन झालं आणि भाऊंची पाळी आली. त्यांचा पहिला माल एका वाक्याचा होता. "ताई म्हणत्यात, एक मोठा फटाका फुटला आन् त्यातून जग झालं." मी आनंदाने रिजेक्ट केलं. मग भाऊ माझ्या घरी येऊ लागले. बारावीच्या मुलांना समजावताना लागला नसेल इतका कस त्यांनी माझा काढला. तापमान समजलं, कारण भट्टीवर आयुष्य गेलं होतं. लोखंड लाल असतं तेव्हा किती आणि पिवळं पडतं तेव्हा किती, हे त्यांनीच मला सांगितलं. अवकाश ताणलं जातं म्हणजे काय ते मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. "कशात ताणलं जातं?" असं परत परत विचारायचे. खरं सांगायचं तर माझी मुलं हा प्रश्न विचारतच नाहीत, पाठ करून लिहून टाकतात.

अखेर तो रविवार उजाडला. खोली भरली होती. कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी मोबाइल धरून पुढेच उभे होते. माणूस वाईट नव्हे. वाचनालयाचे पंखे, दिवे, गळकं छप्पर, सगळं त्यांनीच मागे लागून करून घेतलेलं. कॉलनीत काही चांगलं घडलं की ते शूटिंग करून सगळ्यांना पाठवायचे.

भाऊ उभे राहिले. आधी म्हणाले, "आता मी जे बोलतोय ते ताईंचं हाय, माझं नाय. माझं मागून सांगीन." आणि मग सुरू झाले. "फटाका फुटायला अंगण लागतं. हितं अंगणच नव्हतं. जे काय होतं ते लय गरम, लय दाट. मंग अंगणच पसरत गेलं. पसरलं तसं निवत गेलं, जसा भट्टीतला गोळा निवतो. निवता निवता त्याचे तारे झाले, धरती झाली, तुमी-आमी झालो. ह्याच्यात कुणाचा हात दिसत नाय. देवानं केलं ह्याला पुरावा नाय, आन् जे दिसत नाय ते मी धरून चालणार नाय. त्याच्या आधी काय होतं? मला ठाऊक नाय. आन् ठाऊक नाय हे सांगायची मला लाज नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी "पास" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. आप्पांनी घड्याळ बघितलं. पुढे सगळ्यांचा मिसळीचा बेत होता, लोक चुळबुळायला लागले होते. आप्पा म्हणाले, "भाऊंचं उत्तर घाईत नको. पुढच्या रविवारी." आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. भाऊंनी सगळ्यांना आग्रह करून तर्री वाढायला लावली.

सेक्रेटरींनी दुपारी तो व्हिडिओ स्टेटसला टाकला. अभिमानाने टाकला, हे मी शपथेवर सांगेन. पण स्टेटसला बसतं तेवढंच बसतं. भाऊंचं पहिलं वाक्य त्यात नव्हतं, माझं "पास" नव्हतं. गळ्यात माळ घातलेला, टोपीवाला म्हातारा हात पसरून सांगतोय, देवानं केलं ह्याला पुरावा नाय, एवढंच होतं. कुणीतरी ते उचललं, वर लिहिलं, 'माळ घालून देवाची निंदा'. संध्याकाळपर्यंत ते देवळ्याला पोचलं आणि रात्रीच्या जेवणाआधी भाऊंच्या भावाच्या दारात माणसं जमली.

आता मी रागावणार आहे, आणि मला कुणी थांबवू नये. ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव देवाचं नाव घेतलं, त्याला देवाचा शत्रू ठरवायला लोकांना एक मिनिटही लागलं नाही. कुणी फोन करून विचारलं नाही, की भाऊ, याच्या आधी काय होतं? पुढे काय होतं? जी गावं त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होती, त्यांनीच निरोप धाडले की यंदा येऊ नका. एकाने सांगितलं, माळ काढून ठेवा. एकाने सांगितलं, कॅमेऱ्यासमोर नाक घासा. आणि आमची विज्ञानवादी मंडळी काय करत होती? तोच तुकडा एकमेकांना पाठवून टाळ्या पिटत होती, 'अखेर महाराजांचे डोळे उघडले'. दोन्हीकडच्यांना भाऊ नकोच होते, नुसता त्यांचा तुकडा हवा होता. आणि ज्याच्यासाठी एवढा जीव आटवला, ते भाऊंचं स्वतःचं उत्तर कुणीच ऐकलं नव्हतं. तो पुढचा रविवार आलाच नाही.

भाऊ रागावले की अहिराणीत घसरायचे. आप्पांच्या ओट्यावर बसून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "मना काय गुन्हा शे?" माझा काय गुन्हा आहे? आप्पा त्यांच्याशेजारी बसून राहिले. काही दिवसांनी भाऊ कॉलनीतली खोली बंद करून देवळ्याला निघून गेले.

कमिटीची सभा झाली. म्हणणं असं होतं की वातावरण तापलेलं आहे, सिंहस्थाची कामं चालू आहेत, शहरात बाहेरची माणसं आहेत, तेव्हा आप्पांनी अध्यक्ष या नात्याने 'चुकलं' एवढं म्हणावं, म्हणजे विषय मिटेल. आप्पा उभे राहिले. "इथे बसलेल्यांपैकी कुणीही भाऊंचं त्या दिवशीचं बोलणं पहिल्या वाक्यापासून सांगावं. जो सांगेल त्याची मी हात जोडून माफी मागतो." कुणी उठलं नाही. तिथे बसलेले निम्मे जण त्या रविवारी हजर होते, टाळ्या वाजवत होते, तर्री ओरपत होते. मी ओरडले, "सेक्रेटरींना विचारा! पूर्ण व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये आहे!" सेक्रेटरी पंख्याकडे बघत म्हणाले, "तेवढाच तुकडा घेतला होता, बाकी वेळ मी फोटो काढत होतो." मग माझा तोल गेला. "तुम्ही सगळे भेकड आहात! तुम्हाला ना धर्माची चाड, ना विज्ञानाची!"

आणि आप्पांचा अंगठा बोटावर फिरला. "मॅडम, रिजेक्ट. खाली बसा."

मला! त्या अख्ख्या सभेत त्यांच्या बाजूने बोलणारी मी एकटी, आणि रिजेक्ट मला! मी बसले नाही, उठून घरी गेले. वाचनालयाला कुलूप लागलं. वातावरण निवळेपर्यंत, असं कमिटीवाले म्हणाले.

आप्पा तरी दर रविवारी खुर्ची घेऊन कुलपासमोर बसायचे. राग गिळून मीही जाऊन बसायची. विषय मीच काढायची, आणि तो एकच असायचा. आप्पा म्हणायचे, "ठीक आहे. सेक्रेटरींचं म्हणणं मांडा." मी म्हणायची, "सेक्रेटरी भित्रे आहेत." "रिजेक्ट. हे विशेषण झालं, म्हणणं झालं नाही." "त्यांना पद सोडवत नाही." "रिजेक्ट. हा तुमचा अंदाज." "मग मला काय ठाऊक त्यांच्या मनात काय आहे!" "विचारलंत?" मी विचारणार नव्हते. त्या माणसाच्या दारात मी पाऊल ठेवणार नव्हते. एकदा चिडून मी आप्पांनाच गाठलं, "ते सोडा. तुमचं स्वतःचं काय? देव आहे की नाही? विश्व कसं झालं?" आप्पा म्हणाले, "चेकरने मालाचा मालक व्हायचं नसतं." यापेक्षा जास्त त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

मधेच ते एस.टी.ने देवळ्याला जाऊन आले. मी विचारलं, "भाऊ बोलतात का?" आप्पा म्हणाले, "बोलतात की. कांद्याबद्दल." त्यांना मी इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. बैठक गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं असतं. पण भाऊंना स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला आपण उभं केलं आणि स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा 'पुढच्या रविवारी' म्हणालो, हे त्यांना पचत नव्हतं. काकू सांगत, की ते झोपेतही तेच बरळायचे. थंडी संपता संपता एका सकाळी आप्पा दाढी करताना कोसळले आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले.

शोकसभेसाठी वाचनालय उघडायचं ठरलं. माणूस जिवंत असताना जिथे त्याला बसू दिलं नाही, तिथे आता त्याच्या फोटोला हार! सेक्रेटरी स्वतः मला बोलवायला आले, "चार शब्द बोला." मी दारातच म्हटलं, "बोलते. पण आधी तुम्ही मला तुमचं म्हणणं सांगा. जे सांगाल ते मी सभेत सांगणार, आधीच सांगून ठेवते." ते परत फिरतील असं मला वाटलं होतं. ते आत आले, पाणी मागितलं आणि खाली बघत बोलत राहिले. बाहेर अंधार पडेपर्यंत मी ऐकलं.

सभेला दाटी झाली होती. एक वक्ते म्हणाले, आप्पा अंतर्यामी परम श्रद्धाळू होते. दुसरे म्हणाले, आप्पा आमच्या कॉलनीतले पहिले बुद्धिवादी. दोघांनीही आप्पांना कधी विचारलं नव्हतं. शेवटच्या रांगेत मला टोपी दिसली. भाऊ देवळ्याहून आले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, एवढ्या दाटीतही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "आप्पांबद्दल मी नंतर बोलेन. आधी सेक्रेटरींचं म्हणणं मांडते. ते म्हणतात, भाऊंचं बोलणं मी पहिल्यापासून शूट केलं. मला त्यांचा अभिमान वाटला म्हणून मी स्टेटस टाकलं. त्यात पहिलं वाक्य तुटून जाईल हे माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी अनोळखी लोकांचे फोन आले, कुणी काढलंय सांगा, नाहीतर तुमचं वाचनालयच राहणार नाही. मी घाबरलो आणि पूर्ण व्हिडिओ पुसून टाकला. माझ्या मुलीचं लग्न देवळ्याकडेच ठरलं होतं, त्या घरातही भाऊंना शिव्या चालू होत्या. मला वाटलं, आठवड्यात निवळेल. निवळलं नाही. मग रोज ठरवायचो की खरं सांगावं, आणि रोज ते कालच्यापेक्षा अवघड होऊन बसायचं. कुलूप मी आप्पांना हाकलायला लावलं नाही. त्या खोलीचे पंखे-छप्पर मी मागे लागून करून घेतले होते, ती कुणी फोडू नये म्हणून लावलं. भाऊंचा एका शब्दानेही अपराध नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." मी थांबले. "सेक्रेटरी, पास की रिजेक्ट?"

त्यांची मुलगी पुढच्याच रांगेत बसली होती. तिच्याकडे न बघता सेक्रेटरी उठून उभे राहिले. माईक समोर होता, पण त्यांनी तो घेतला नाही.

"पास," ते म्हणाले.

खोलीभर कुजबुज झाली. कुणीतरी डोळे पुसले. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "चला, झालं गेलं विसरू या. आता दोन मिनिटं शांतता पाळू." माझ्या अंगाची लाही लाही झाली. किती घाई यांना विसरायची! भाऊंचं वर्ष गेलं, गावं गेली, आप्पा गेले, आणि यांना दोन मिनिटांत मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, "खाली बसा. फक्त पूर्वपक्ष झालाय, उत्तर बाकी आहे. आणि ते द्यायचा पहिला हक्क माझा नाही."

मी भाऊंकडे बघितलं. ते मानेनेच नको म्हणाले. मी माईक काढला आणि सगळ्या रांगांमधून चालत जाऊन त्यांच्या हातात दिला. भाऊ सावकाश उठले. सेक्रेटरी अजून उभेच होते. भाऊ त्यांना काहीतरी बोलतील म्हणून सगळे माना वळवून बसले. पण भाऊ त्यांच्याकडे बघतही नव्हते. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला.

"तर मंडळी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी ताईंचं म्हणणं सांगितलं. आता माझं ऐका."